शेवटची पायरी, पहिली पायरी

बाळ सहा महिन्यांचे झाले की पुष्कळ मराठी घरांत नाचणी भिजत पडते. रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, मंद आचेवर जराशी भाजायची आणि दळायची. या पिठाची पेज पातळ राहते. साध्या नाचणीचे तेवढेच पीठ घेऊन पेज केली तर ती पळीला धरून बसते. मोड आलेली नाचणी पचायला हलकी, असे आजी सांगते आणि तिचे बरोबर असते. मोड फुटताना दाण्यात अमायलेज हे विकर तयार होते. पिष्टाच्या लांबलचक साखळ्या ते तोडत जाते आणि त्यातून साखर सुटी होते. दाण्याचे हे सारे काम कोंबासाठी चाललेले असते. हिरवे पान फुटून स्वतःचे अन्न करता येईपर्यंत कोंबाला ही साखर पुरवायची असते. आपण ते काम मध्येच थांबवतो आणि बाळाला भरवतो.

नाचणीच्या जागी जव घेऊन नेमके एवढेच केले की बिअरची पहिली पायरी झाली. जव भिजवतात, चार-पाच दिवस मोड येऊ देतात आणि गरम हवेने वाळवतात. त्याला माल्ट म्हणतात. वाळवताना उष्णता जपून द्यावी लागते, कारण कोंब मरायला हवा पण विकर जिवंत राहायला हवे. मग माल्ट भरडून गरम पाण्यात कालवतात, आणि इथे पाच-सात अंशांच्या फरकाने अख्ख्या पेयाचे रूप बदलते. पाणी ६० ते ६५ अंश सेल्सिअसला ठेवले तर बीटा अमायलेज जोरात चालते, यीस्टला खाता येईल अशी साखर भरपूर सुटते आणि बिअर कोरडी, अधिक मद्यार्काची होते. ७० अंशांच्या आसपास अल्फा अमायलेजचे राज्य असते. ते साखळ्या मधूनच तोडते, अर्धवट तुटलेले तुकडे मागे राहतात, यीस्टला ते पचत नाहीत, आणि बिअर तोंडात भरल्यासारखी, दाट लागते. तापमापक नव्हते तेव्हाही कारागीर हे साधत होते. पाण्यात हात किती वेळ ठेवता येतो, वाफ केव्हा विरळ होते, अशा खुणांवर त्यांची भिस्त असे.

हे पुस्तक मी लिहायला घेतले ते या कारागिरीबद्दलच्या आदरापोटी. आणखी एक कारण आहे, ते जड आहे.

माझे माहेर निफाड तालुक्यातले, घरची बाग थॉमसन सीडलेस द्राक्षांची. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी सरली. विद्यार्थी असताना किण्वन हा विषय मी विशेष अभ्यासाला घेतला, तेव्हा वडील, म्हणजे आमचे नाना, मला म्हणाले होते, ‘‘अगं, आंबलेली द्राक्षं आपण उकिरड्यावर टाकतो. त्यात शिकण्यासारखं काय ठेवलंय?’’ आणि माझे धाकटे काका दारूने गेले, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. त्यामुळे आमच्या घरात हा विषय निघाला की बायका उठून आत जात. मराठीत मद्यावर बोलायच्या दोनच तऱ्हा मी लहानपणापासून ऐकल्या. एक धिक्काराची आणि दुसरी फुशारकीची. बाटलीत जे आहे ते कसे तयार झाले आणि शरीरात गेल्यावर त्याचे काय होते, हे शांतपणे सांगणारे कुणी भेटले नाही. मला ते प्रयोगशाळेत भेटले, आणि तिथे या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत असे लक्षात आले. मद्य करणे आणि मद्य पिणे या एकाच रासायनिक वाटेच्या दोन दिशा आहेत. या पुस्तकाचा सगळा डोलारा त्या एका गोष्टीवर उभा आहे, म्हणून ती इथेच नीट सांगते.

साखरेचे मद्यार्क कोण करते, यावर युरोपात मोठे भांडण झाले. आंतोन लावाझिए याने १७८९ साली किण्वनाचा ताळेबंद मांडला: जेवढे वजन आत जाते तेवढेच बाहेर येते, साखर नाहीशी होऊन मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड उरतो. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून कागदावर ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम वायू मिळतो. पण हिशेब जुळला म्हणजे कर्ता सापडला असे नाही. १८३७ च्या सुमारास शार्ल कान्यार द ला तूर, थिओडोर श्वान आणि फ्रीडरिश क्युत्झिंग या तिघांनी आपापल्या जागी सांगितले की यीस्ट सजीव आहे आणि साखर तेच फोडते. रसायनशास्त्रज्ञांना हे रुचले नाही. १८३९ मध्ये रसायनशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात एक निनावी टवाळी छापून आली. सूक्ष्मदर्शकाखाली इवले इवले प्राणी दिसतात, ते साखर गिळतात आणि शरीराच्या एका वाटेने मद्यार्क तर दुसऱ्या वाटेने वायू सोडतात, असे तिच्यात रंगवले होते. लिहिणारे होते फ्रीडरिश व्होलर आणि युस्टस लिबिग. अकरावीच्या पुस्तकात युरियाच्या धड्यात भेटणारा व्होलर तो हाच. थट्टेच्या भरात त्यांनी वस्तुस्थितीच्या फार जवळचे लिहिले होते.

लुई पाश्चर या वादात शिरला तो कारखान्याच्या दारातून. १८५६ मध्ये लील शहरात तो प्राध्यापक असताना बिटापासून मद्यार्क काढणाऱ्या एका कारखानदाराची पिंपे आंबट होऊन बिघडत होती. पाश्चरने चांगल्या आणि बिघडलेल्या पिंपांतले थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. चांगल्यात गोल, फुगीर यीस्ट होते. बिघडलेल्यात त्याहून बारीक जीव वळवळत होते. आपल्याकडे ‘आंबणे’ आणि ‘नासणे’ असे दोन शब्द आहेत, आणि घरातल्या बाईला वासावरून त्यातला फरक कळतो. तो फरक जीवाजीवांमधला आहे हे पाश्चरने दाखवले. १८५७ पासून त्याने दुधाच्या आंबण्यावर, मग मद्याच्या आंबण्यावर लिहिले. वाइनवरचा त्याचा ग्रंथ १८६६ चा आणि बिअरवरचा १८७६ चा. रोगजंतूंचा सिद्धांत या पिंपांच्या कडेने वाढला. वाइनचे ‘आजार’ असतात आणि प्रत्येक आजाराचा जीव वेगळा, हे एकदा पटल्यावर माणसाच्या आजारांकडेही तसेच पाहणे ओघाने आले.

पाश्चरचे एक म्हणणे मात्र पुढे खोडले गेले. जिवंत पेशीशिवाय किण्वन नाही, असे तो मानत असे. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यीस्टचा रस काढत होता. यीस्ट वाळूबरोबर घोटायचे, कापडातून दाबून गाळायचे. हा रस लवकर खराब होई. तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली गेली, मोरावळा टिकावा म्हणून आपण आवळा पाकात ठेवतो त्याच हेतूने. आणि रसातून बुडबुडे येऊ लागले. एकही जिवंत पेशी नसलेला रस साखरेचे मद्यार्क करत होता. १९०७ मध्ये बुखनरला रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. माझ्या मते आधुनिक जीवरसायनशास्त्राचा जन्म त्या बुडबुड्यांत आहे. विकरासाठीचा ‘एन्झाइम’ हा शब्दसुद्धा ‘यीस्टमधले’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांतून १८७० च्या दशकात घडवला गेला होता.

बुखनरच्या रसात काय चालले होते ते पुढच्या चाळीसेक वर्षांत पायरी पायरीने उलगडले. साखरेचा रेणू फुटतो, दोन तुकडे होतात आणि त्यातून पेशीला थोडी ऊर्जा मिळते. या कामात एनएडी नावाचा एक वाहक लागतो. त्याला हमाल समजा. साखरेतून निघालेल्या हायड्रोजनचे पोते तो डोक्यावर घेतो, आणि सगळ्या हमालांच्या डोक्यावर पोती चढली की काम बंद पडते. पोती उतरवायला कुठेतरी जागा हवी. यीस्ट साखरेच्या तुकड्यातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकते, मागे अ‍ॅसिटाल्डिहाइड उरतो, आणि त्याच्यावर ती पोती उतरवते. पोते घेतलेला अ‍ॅसिटाल्डिहाइड म्हणजे इथाइल अल्कोहोल, आपले मद्यार्क. ही शेवटची पायरी जे विकर घडवते त्याचे नाव अल्कोहोल डिहायड्रोजिनेज.

हे नाव लक्षात ठेवा. आपल्या यकृतात याच घराण्यातले विकर आहे, आणि तिथे ते पायरी उलटी चालवते. ग्लासातले मद्यार्क यकृतात पोचले की त्याचे पहिल्यांदा होते ते अ‍ॅसिटाल्डिहाइड. यीस्टची शेवटची पायरी ती आपल्या शरीराची पहिली पायरी. आणि उतरवलेली पोती यकृतातल्या हमालांच्या डोक्यावर परत चढतात.

यीस्ट हा खटाटोप का करते, याचेही उत्तर गोड आहे. ऑक्सिजन असेल तर एका साखरेतून कितीतरी अधिक ऊर्जा काढता येते. पण भरपूर साखर समोर आली की हे यीस्ट हवा असूनही मद्यार्कच करते. पिकलेले फळ फुटले की त्यावर शेकडो जातींचे जीव तुटून पडतात. यीस्ट घाईघाईने साखर संपवते, मद्यार्काने बाकीच्यांना मारते किंवा रोखते, आणि मैदान मोकळे झाले की तेच मद्यार्क ऑक्सिजनच्या मदतीने सावकाश खाते. मद्यार्क हे यीस्टचे शस्त्रही आहे आणि शिदोरीही. माणूस फक्त शिदोरी उघडायच्या आधी पिंपाचे झाकण लावतो.

बिअरच्या कारखान्यांनी विज्ञानाला काय दिले, यावर मला एक अख्खे प्रकरण द्यावे लागले आणि तरी ते अपुरे वाटते. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्याने १८७५ मध्ये प्रयोगशाळा काढली आणि तिथले शोध गुप्त ठेवायचे नाहीत असे नियमातच लिहिले. एमिल ख्रिस्तियन हॅन्सनने १८८३ मध्ये तिथे यीस्टची एकच पेशी वेगळी करून तिच्यापासून शुद्ध वंश वाढवला. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे विरजण म्हणजे चांगल्या-वाईट जातींची खिचडी असे, आणि एखाद्या हंगामात सगळी बिअर कडवट का झाली हे कुणालाच सांगता येत नसे. हॅन्सनचे शुद्ध विरजण कार्ल्सबर्गने इतर कारखान्यांनाही दिले. त्याच प्रयोगशाळेत सोरेन्सनने १९०९ मध्ये आम्लता मोजायची पीएच ही मोजपट्टी मांडली. आज माती परीक्षणाच्या कागदावर आपला शेतकरी जो सामू वाचतो, तो तिथून आलेला आहे. डब्लिनच्या गिनेस कारखान्यातला विल्यम गॉसेट जवाच्या थोड्याशा नमुन्यांवरून खात्रीलायक निष्कर्ष कसा काढावा याच्या मागे होता. १९०८ मध्ये त्याने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने निबंध छापला आणि संख्याशास्त्राला टी-चाचणी मिळाली. एमएस्सीच्या प्रबंधात ही चाचणी वापरणाऱ्या किती मुलांना ठाऊक असते की तिचा जन्म बिअरसाठी झाला?

हॉप्स आणि पाणी यांवर इथे थोडक्यात लिहिते. हॉप्स ही वेलीची फुले. उकळताना त्यांतली आम्ले रूप बदलतात, कडू होतात आणि बऱ्याच जिवाणूंना रोखतात. हाच कडवटपणा उन्हात ठेवलेल्या बाटलीत बिघडतो आणि घाण वास सुटतो, म्हणून बिअरची बाटली बहुधा तपकिरी असते. पाण्याचे म्हणाल तर चेक प्रदेशातल्या पिल्सेन गावचे पाणी अत्यंत मऊ, तिथे १८४२ मध्ये फिकट सोनेरी बिअर जन्मली. इंग्लंडमधल्या बर्टनचे पाणी जिप्समयुक्त आणि जड, तिथे हॉप्सचा कडूपणा ठसठशीत उठून येतो. बव्हेरियाच्या १५१६ च्या प्रसिद्ध नियमात बिअरसाठी जव, हॉप्स आणि पाणी एवढेच सांगितले आहे. यीस्ट त्यात नाही, कारण ते आहे हेच कुणाला माहीत नव्हते.

वाइनकडे येताना मी घरी येते. नाशिकच्या पठारावर द्राक्षवेल कधी झोपत नाही. फ्रान्समध्ये थंडी पडली की वेल पाने टाकून विश्रांती घेते. आपल्याकडे तिला विश्रांती मिळत नाही, म्हणून शेतकरी कात्रीने ऋतू घडवतो. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरच्या सुमारासची गोडी छाटणी फळासाठी. दोन छाटण्या आणि पीक एक. वाइनच्या द्राक्षांचा तोडा साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होतो, म्हणजे उन्हाळा मागे लागलेला असताना. रात्री गार असतील तोवर द्राक्षात मॅलिक आम्ल टिकते. दिवस तापू लागले की वेल ते जाळून टाकते, साखर चढते आणि चव सपाट होते. त्यामुळे शेवटच्या आठवड्यांत रोज सकाळी मणी चिरडून ब्रिक्स, म्हणजे साखरेचे माप, आणि आम्लता पाहायची आणि दोन्ही रेषा जिथे पटतील तो दिवस पकडायचा.

नानांना माझा विषय पहिल्यांदा पटला तो मण्याच्या आकारावरून. खायच्या द्राक्षाच्या बागेत सगळे आयुष्य मणी फुगवण्यात जाते. विरळणी करा, जीएच्या, म्हणजे जिबरेलिक आम्लाच्या, द्रावणात घड बुडवा, मणी मोठा झाला तर भाव. वाइन करणाऱ्याला मात्र मणी बारीक हवा आणि साल जाड हवी. नानांना हे वेडेपण वाटले. मी त्यांना हिशेब मांडून दाखवला. मण्याचा व्यास दुप्पट झाला की साल चौपट होते, पण रस आठपट होतो, म्हणजे रसाच्या वाट्याला साल निम्मीच येते. आणि वाइनचा रंग, तुरटपणा, बराचसा सुगंध सालीत असतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस जवळजवळ बिनरंगी निघतो. रेड वाइन सालीसकट आंबवतात म्हणून लाल होते, व्हाइट वाइनचा रस आधी पिळून सालीपासून वेगळा करतात. जांभूळ खाल्ल्यावर किंवा कोरा चहा प्यायल्यावर जीभ ओढल्यासारखी होते, तसेच रेड वाइनमधली टॅनिने लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि तोंड कोरडे पडते. नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘म्हणजे आम्ही पाणी पिकवतो.’’

लिटरभर रसात २२० ग्रॅम साखर असेल तर सुमारे १३ टक्के मद्यार्काची वाइन होते. दर १७ ग्रॅमला १ टक्का, असा ढोबळ हिशेब. त्याच लिटरमधून पन्नास लिटरांहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. दहा हजार लिटरच्या टाकीचा गुणाकार करून पाहा. हा वायू हवेहून जड, तळाशी साठणारा, दिसतही नाही. टाकीत उतरलेला कामगार आणि त्याला काढायला उतरलेला दुसरा, दोघेही जागच्या जागी कोसळतात. विहिरीत आणि गोबरगॅसच्या टाकीत आपल्याकडे माणसे गुदमरून मरतात, तसाच हा धोका आहे, आणि तो मी पुस्तकात जिथे जिथे टाकी आली तिथे तिथे पुन्हा लिहिला आहे. उष्णताही निघते, रस थंड केलाच नाही आणि ती सगळी आत कोंडली, तर आहे त्या तापमानात पंचवीसहून अधिक अंशांची भर पडेल आणि यीस्ट स्वतःच्याच तापाने मरेल. म्हणून नाशिकच्या स्टीलच्या टाक्यांभोवती गार पाण्याचे कवच असते. व्हाइट वाइन १२ ते १८ अंशांना आंबवतात, रेड २५ ते ३० च्या दरम्यान. सल्फाइटची अनेकांना धास्ती वाटते. तासगावच्या बेदाण्याला गंधकाची धुरी देतात तोच हा सल्फर डायऑक्साइड, रंग आणि चव जपणारा. दम्याच्या काही रुग्णांना मात्र त्याचा खरोखर त्रास होतो.

नारायणगावला १९८० च्या दशकात आणि नाशिकला विसावे शतक संपता संपता वाइनचे कारखाने उभे राहिले, आणि २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आणले. तरी आंबवण्याची विद्या आपल्याकडे वाइनबरोबर आली असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष या अधिकाऱ्याचे प्रकरण आहे, त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु अशी पेये आणि त्यांची प्रमाणे दिली आहेत. विरजणासाठी तिथे ‘किण्व’ हा शब्द येतो, आणि आपल्या पाठ्यपुस्तकातले ‘किण्वन’ त्याच्यापासून आले. वैद्यांच्या द्राक्षासवात आणि दशमूलारिष्टात मद्यार्क मुरवणीतच तयार होते. काढ्यात धायटीची फुले पडतात ती या आंबण्यासाठी. कोकणात माडाची आणि ताडाची नीरा पहाटे उतरवतात, मडक्याला आतून चुना लावतात, कारण चुना नसेल तर दुपारपर्यंत तिची ताडी-माडी झालेली असते. गोव्यात काजूची बोंडे तुडवून काढलेला रस आंबवतात, त्याचा पहिला उतारा उर्राक आणि पुढचा फेणी. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. साखर कारखान्याच्या मळीतून इथेनॉल काढून पेट्रोलमध्ये घालतात, तिथेही कामाला हेच यीस्ट असते. ऊर्ध्वपातन हा या पुस्तकाचा विषय नाही, म्हणून फेणी आणि मोहाची दारू यांच्यावर मी दाराशीच थांबले आहे. घरी मद्य करण्याची कृतीही दिलेली नाही. परवान्याशिवाय ते करणे राज्यात गुन्हा आहे.

आता उलटी वाट. यकृतात मद्यार्काचे अ‍ॅसिटाल्डिहाइड होते आणि दुसरे एक विकर त्याचे अ‍ॅसिटेट करते, जे निरुपद्रवी आहे. मधला अ‍ॅसिटाल्डिहाइड हा खरा उपद्रवी. तो डीएनएला चिकटतो. पूर्व आशियातल्या पुष्कळ लोकांत दुसरे विकर जन्मतः दुबळे असते, त्यांचा चेहरा दोन घोटांत लाल होतो, छाती धडधडते. व्यसनमुक्तीत वापरले जाणारे डायसल्फिराम हे औषध हीच दुसरी पायरी मुद्दाम अडवते. चिंपांझी, गोरिला आणि माणूस यांच्या समान पूर्वजात सुमारे १ कोटी वर्षांपूर्वी एक बदल झाला आणि त्यांच्या एका विकराची मद्यार्क हाताळायची क्षमता सुमारे ४० पट झाली. जमिनीवर पडलेली, आंबू लागलेली फळे खाणाऱ्या जीवाला ते उपयोगाचे होते. पण ती क्षमता फळातल्या मद्यार्काच्या मापाची आहे, बाटलीच्या मापाची नाही.

सामान्य प्रौढाचे शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यार्क हाताळते. लिंबू पाजा, ताक पाजा, डोक्यावर गार पाणी ओता, कडक कॉफी द्या, हा वेग बदलत नाही. भरल्या पोटी मद्यार्क रक्तात हळू उतरते एवढेच. आणि पोत्यांची गोष्ट आठवा. पहिली पायरी चालली की यकृतातले हमाल हायड्रोजनने लादलेले राहतात, त्यामुळे चरबी जाळण्याचे काम मागे पडते आणि ती साठू लागते. दारू पिणाऱ्याच्या यकृतावर चरबी का चढते याचे एक मोठे कारण हे आहे, आणि ते यीस्टच्या पेशीत सुरू झालेल्या देवाणघेवाणीचेच दुसरे टोक आहे.

२०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यावी का यावर राज्यात वाद पेटला आणि ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असे पुष्कळदा ऐकू आले. बिअरबद्दलही तसेच बोलतात. मी फक्त वजने सांगते. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगात १० ग्रॅम मद्यार्क असते. १३ टक्के वाइनच्या १५० मिलीच्या ग्लासात १५ ग्रॅम. ५ टक्क्यांच्या बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅमहून थोडे अधिक, आणि ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या तेवढ्याच बाटलीत ४१ ग्रॅम, म्हणजे चार पेग. रेणू सगळीकडे एकच आहे आणि यकृताला लेबल वाचता येत नाही. रेड वाइन हृदयाला चांगली, हा समज १९९० च्या दशकात पसरला. त्यातल्या अनेक पाहण्यांत ‘न पिणाऱ्यां’च्या गटात आजारपणामुळे पिणे सोडलेली माणसेही मोजली गेली होती, त्यामुळे थोडे पिणारे त्यांच्यापुढे निरोगी दिसले. मद्य हे कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवले, आणि २०२३ मध्ये संघटनेने मद्याची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही असे स्पष्ट केले. वाइनच्या सुगंधावर मी या पुस्तकात तीस पाने प्रेमाने लिहिली आहेत. हे वाक्य मी त्याच प्रकरणात छापले आहे, दुसरीकडे कुठे लपवले नाही.

२०१५ च्या जून महिन्यात मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्या दारूत मिथेनॉल होते. मिथेनॉल स्वतः फारसे घातक नसते. पण यकृतातले तेच विकर, तेच अल्कोहोल डिहायड्रोजिनेज, त्याचे फॉर्माल्डिहाइड करते, पुढे फॉर्मिक आम्ल होते, आणि आधी डोळे जातात. उपचारात फोमेपिझोल देतात, ते हे विकर अडवते. ते नसेल तर दवाखान्यात मोजून इथाइल अल्कोहोलच देतात, कारण विकर त्यात गुंतले की मिथेनॉल तसेच राहते आणि शरीराबाहेर काढायला वेळ मिळतो. दिसायला धूसर लागले, पोट दुखू लागले, तर पोलिसांच्या भीतीने घरी थांबू नये. तास मोजके असतात.

हस्तलिखित मी सर्वांत आधी काकूला वाचायला दिले. तिने बिअर-वाइनची पाने चाळून बाजूला ठेवली आणि यकृताचे प्रकरण दोनदा वाचले. मग विचारले, ‘‘सकाळी उठल्या उठल्या त्यांचे हात थरथरायचे, चहाची बशी धरवत नव्हती. आणि मी दोन दिवस कोंडून ठेवलं तेव्हा भिंतीवर नसलेली माणसं दिसायला लागली. ते यातलं कुठलं?’’

ते यातले कुठलेच नव्हते. ते मेंदूतले होते, आणि मी मेंदूवर लिहिलेच नव्हते. मद्यार्क मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचे काम वाढवते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्याची सवय करून घेतो. शांत करणारी यंत्रणा बोथट होते, चेतवणारी वाढते. मद्यार्क एकदम बंद झाले की उरते ती नुसती चेतना. आधी थरथर, घाम, मग फिट, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास. यात जीव जाऊ शकतो, म्हणून वर्षानुवर्षे पिणाऱ्याला कोंडून एकदम दारू सोडवू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधे देऊन सोडवावी. काकूला हे तेव्हा कुणी सांगितले नव्हते. अकरावे प्रकरण तिच्या प्रश्नानंतर लिहिले आहे. ते तिने वाचले आहे आणि दोन ठिकाणी दुरुस्त करायला लावले आहे.